वरचा ओठ

१७ नोव्हेंबर, रविवार

ओठ अजून तसाच. मिलिंद म्हणतो, उतरतोय. मी म्हणते, हो. दोघंही खोटं बोलतो आणि चहा पितो. कपाची कड त्याला हल्ली नीट धरता येत नाही. वरचा ओठ पुढे आलेला, चहा हनुवटीवरून ओघळतो. आज पांढऱ्या शर्टावर सांडला. अक्का म्हणाल्या, "धाकलपने बी असाच सांडे हाऊ." सासूबाईच त्या, लेकाला हसायचा त्यांना हक्क आहे. मला हसू आलं नाही.

दिवाळीच्या आधी पहिल्यांदा फुगला होता. गांधीलमाशी चावली असेल म्हटलं. मेडिकलमधून गोळी आणली, दोन दिवसांत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. आता आलाय तो मुक्कामाला आल्यासारखा. दुखत नाही, खाजत नाही. नुसता आहे.

तुळशीची लग्नं लागली. आता माणसांची सुरू होतील. बँडच्या मास्तरांचा काल फोन होता. मि. ने उचलला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ट्रंपेट घेऊन गच्चीवर गेला. मी खाली कणीक मळत होते, कान वर. हवा आली. नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी. पुन्हा तीच. मग काहीच नाही.

वर गेले तर ट्रंपेट मांडीवर घेऊन बसलेला. विचारलं, नळीत काही अडकलंय का. माझ्याकडे बघतच राहिला.

"सूर नळीत नसतो गं. ओठात असतो. ओठ थरथरतो, नळी तो फक्त मोठा करते."

शिरपूरला मैत्रिणीच्या लग्नात याचं वाजवणं ऐकलं आणि घरच्यांशी भांडून याच्याशी लग्न केलं. इतकी वर्षं झाली. आणि मला वाटत होतं, पितळ वाजतं.

त्याने माउथपीस काढून माझ्या हातात दिला. "फुंकू नको. ओठ मिटून फुर्र कर, म्हैस करते तसं." केलं. म्हशीच्या गोठ्यात जाऊन माफी मागावी असं निघालं. तो हसला. हसताना ओठाच्या मधली चीर फाटली, रक्ताचा थेंब आला.

दोन मांसाच्या कडा. त्यांच्यावर पूर्ण वरात नाचते. दिवसभर वर्गात शिकवताना हेच डोक्यात.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

चटईच्या कारखान्यात सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "काय मिलिंदभाऊ, मॅडमनी छडी मारली का?" मि. ने हसण्यावारी नेलं. गल्लीत मात्र दुसरंच चाललंय. पिऊन पडला. वरातीत कोणी सोडा दिला तरी जो आधी वास घेऊन बघतो, त्याच्याबद्दल.

माणसाच्या तोंडावर बोटभर मांस वाढलं की लोक त्याची गोष्ट रचायला बसतात. मीही गोष्टी लिहिते, म्हणजे माझाच धंदा. तक्रार कोणाकडे करणार.

३० नोव्हेंबर, शनिवार

दातांचे डॉक्टर. दात ठोकून बघितले, हिरड्या दाबून बघितल्या. "हे दातांचं नाही. हे माझं कामच नाही." धुळ्याच्या एका त्वचारोगवाल्या बाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. अक्कांना पटलं नाही. "व्हट काय कातडं शे का?"

संध्याकाळी मास्तर स्वतः आले. खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे. मि. च्या ओठाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग चपलांकडे.

"लग्नंस्नं मी दखी लिसू. पन चौदा एप्रिलले म्होरे कोन ऱ्हाई, भो?"

मि. म्हणाला, "मीच."

चौदा एप्रिलला विहारापासून मिरवणूक निघते ती याच्या पहिल्या सुरावर. आधी याचे वडील वाजवायचे. ते गेले त्या वर्षीपासून हा. पहिला सूर निघाला की मगच निळा झेंडा हलतो, मगच ट्रॅक्टर. एवढ्या वर्षांत एकदाही दुसऱ्याने उचललेला नाही.

मास्तर गेल्यावर म्हणाला, "मीच म्हणालो ना मी?" जणू कोणी दुसरं बोललं.

५ डिसेंबर, गुरुवार. धुळे

एरंडोल, पारोळा, धुळे. बसमध्ये रुमाल तोंडावर धरून बसला, सर्दी झाल्यासारखा.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान. चष्मा केसांत खोवलेला, तोच शोधत होत्या. मग हातमोजे घालून ओठ दोन बोटांत धरला. चिमटीत भाकरीचं पीठ धरून बघावं तसा. दाबला, सोडला, आतून बघितला. इतका वेळ. इतका वेळ मीही कधी बघितला नव्हता.

"तंबाखू?" नाही. "गुटखा?" नाही. "काम काय करता?" "चटईच्या कारखान्यात." बँडबद्दल अक्षर नाही. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे नाही.

"छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तो शब्द, जो कोणी उच्चारला नाही, तो तिथे टेबलावर बसून होता.

आतल्या बाजूने काढला. एक टाका. परतीची बस. पारोळा आलं. मग त्याने विचारलं, "टाक्याची खूण राहील का आत? तिथेच कड बसते." मी त्याच्या मरणाचा विचार करत होते आणि तो माउथपीसचा.

१४ डिसेंबर, शनिवार. भडगाव

रिपोर्ट यायचाय. लग्न मात्र ठरलेलं, मास्तरांची सुपारी. मास्तर म्हणाले, वाजवू नको पण उभा राहा, एक माणूस कमी दिसतो. मला वाटलं मि. नाही म्हणेल. गेला. मीही गेले, नवरी माझ्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी.

लाल कोट, सोनेरी झालर. ट्रंपेट ओठांना लावलेलं, गाल फुगवलेले, बोटं बरोबर कळांवर चालतायत. आवाज सगळा कीबोर्डवाल्या संतोषच्या कॅसिओमधून, त्यात ट्रंपेटचं बटण असतं. कोणाला कळलं नाही. नवरदेवाचा मामा नाचत आला, खूश होऊन मि. च्या कोटाला नोट लावून गेला. "वा भाऊ, काळीज फाडी टाकं!"

मि. ने नोट काढून संतोषच्या खिशात घातली. संतोष म्हणाला, "अरे दादा, राहू दे ना." गर्दीतही ऐकू आलं मला.

घरी आल्यावर कोट हँगरला लावला, बटणं सगळी लावून. असं तो कधी करत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार. धुळे

ते नाही. ते नाही. ते नाही.

डॉक्टर बाईंनी बसायच्या आधीच सांगितलं. बहुतेक माझा चेहरा बघून.

मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. मायक्रोस्कोपखालचा, त्या तुकड्याचा. गुलाबी शेत, त्यात जांभळे ठिपके, आणि ते ठिपके जागोजागी गोल करून बसलेले. एकमेकांना चिकटून. डिसेंबरात शेकोटीभोवती बसतात तसे. मधे शेकोटी मात्र नाही.

"या शरीराच्याच पेशी आहेत. राखणदार. काहीतरी शत्रू आलाय समजून गोळा होऊन बसल्यात."

"कोण शत्रू?"

"तेच बघायचंय. टीबीत असे गोळे दिसतात, म्हणून छातीचा एक्स-रे, रक्त. आतड्याच्या एका आजारातही दिसतात. पोट कसं असतं?"

पोट उत्तम, मी म्हटलं. अक्कांच्या हातचं खातो.

मला तो फोटो पाठवा म्हटलं. त्या हसल्या, पाठवला. बसमध्ये पुन्हा पुन्हा बघितला. माझ्या नवऱ्याचा ओठ, आतून. त्याच्या आत एक गाव जागं बसलंय आणि त्याला पत्ता नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार. धुळे

एक्स-रे स्वच्छ. रक्त ठीक. टीबी नाही. "जीभ बाहेर काढा." काढली. मधोमध आडव्या-उभ्या भेगा. उन्हाळ्यात गिरणेचं पात्र कोरडं पडतं तसं. लहानपणापासून आहे, तो म्हणाला. कधी चेहरा वाकडा झाला होता? नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, कधीकधी हे तिघं एकत्र येतात, ओठ, जीभ, चेहऱ्याची नस. तुमच्याकडे दोघंच आलेत, बरं आहे.

"मग कारण काय, मॅडम?"

"नक्की माहीत नाही."

इतक्या शांतपणे. ज्या बाईला ओठाच्या आतलं गाव दिसतं, तिनेच हे म्हणावं. मला त्या क्षणी त्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास बसला. का, ते लिहिता येत नाही.

उपाय आहे म्हणाल्या. स्टिरॉइडचं इंजेक्शन. दंडात नाही, थेट ओठात. महिन्याच्या अंतराने. उतरतो बऱ्याच जणांचा. पुन्हाही येतो काहींचा.

मग खाण्याचं विचारायला लागल्या. सोडा-सरबतं? टूथपेस्ट कोणती? तोंडात काही ठेवायची सवय? मि. नाही नाही म्हणत राहिला. मला राहवलं नाही. "मॅडम, हे ट्रंपेट वाजवतात. आणि ओठाखाली दालचिनी ठेवतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

वाजवायच्या आधी दालचिनीचा तुकडा ओठ आणि हिरडीच्या मधे. ओठ गरम राहतो, सैल होतो, असं त्याच्या वडिलांनी शिकवलेलं. त्यांना त्यांच्या उस्तादांनी. इकडचे बरेच जुने वाजवणारे हेच करतात. आणि सूज आल्यापासून मि. ने ते वाढवलं होतं. एरवी लग्नापुरतं, आता सकाळ-संध्याकाळ. सूज उतरावी म्हणून!

"काहींना दालचिनीनेच हे वाढतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यात तेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण आजपासून बंद. मसाल्यातलीसुद्धा."

"बँडचं का सांगितलं नाही?" त्यांनी त्याला विचारलं.

"तुम्ही वाजवणं बंद करायला सांगितलं असतं."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग, "कधीपर्यंत वाजवायचंय?"

"चौदा एप्रिल."

त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. औषधांच्या खाली.

४ जानेवारी, शनिवार

घरातून दालचिनी हद्दपार. अक्कांचा काळा मसाला आता नव्याने कुटायचा. "दालचिनी नही टाकी ते काळा मसाला कसाना?" दुपारभर बडबड. संध्याकाळी मात्र बघते तर खलबत्ता काढून बसलेल्या, धणे-खोबरं भाजून तयार.

कोटाच्या आतल्या खिशात कापडाची पुरचुंडी सापडली, मि. च्या वडिलांच्या वेळची. दालचिनीने कापड तपकिरी झालेलं. मी ती हातात घेऊन उभी होते. तो म्हणाला, "टाकून दे." टाकता आली नाही. त्याने माझ्या हातातून घेतली आणि स्वतः टाकली.

वडिलांनी प्रेमाने दिलेली गोष्ट. कदाचित तीच. कदाचित नाही. हे ओझं कुठे ठेवायचं माणसाने.

९ जानेवारी, गुरुवार. धुळे

पहिलं इंजेक्शन. बाईंनी मला आत थांबू दिलं.

आधी हिरडीच्या वर, आतून, सुन्न करायचं. थोडं थांबायचं. मग बाटली. दुधासारखं पांढरं, तळाला साका बसलेला. बाईंनी ती हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. सिरिंज इतकी बारीक, की मला बाहुलीच्या खेळातली वाटली.

मग त्यांनी ओठ उलटा केला.

मी पहिल्यांदा बघितलं ते. ओली, गुलाबी आतली बाजू. बारीक बारीक शिरा. शिंपला उघडल्यासारखं. याच बाजूने बोलतो, याच बाजूने... असो.

सुई टेकवली, आत गेली. बाईंचा अंगठा पांढरा पडला जोर लावून. "घट्ट आहे. जागा देत नाहीये," स्वतःशीच पुटपुटल्या. मग दिली असावी. तिथे पांढरट उंचवटा आला आणि विरला. सरकून पुढे. पुन्हा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, वाफ्याला पाणी द्यावं तसं, थोडं थोडं, कोणताही भाग कोरडा नको आणि कुठेही तुंबायला नको.

मि. चे डोळे छताला लागलेले. हात माझ्या हातात. सुन्न होता ओठ, पण हात नव्हता.

मी माझ्या आयुष्यात प्रार्थनेच्या इतकी जवळ कधी गेले नव्हते. त्रिशरण मी रोज म्हणते, तरीही. एका बाईचा अंगठा, थेंबभर पांढरं पाणी, आणि आत बसलेलं ते घाबरलेलं गाव. त्यांना कोणीतरी सांगायला आलंय, घरी जा, शत्रू नाहीये.

१० जानेवारी, शुक्रवार

ओठ आणखी मोठा. उंबरासारखा. मी घाबरून फोन केला. बाई म्हणाल्या, औषध भरलंय, फुगणारच, दोन दिवस थांबा. अक्कांनी दृष्ट काढली. मी काही बोलले नाही. एरवी बोलते.

१४ जानेवारी, मंगळवार

दबतोय.

सकाळी तो झोपलेला असताना बोट टेकवलं. दगडी टणकपणा गेलाय. कडेला बोट थोडं आत जातं आणि परत येतं. जागा झाला. "काय करतेस?" "काही नाही." "मग कर अजून."

तीळगूळ त्याने नीट खाल्ला, सांडला नाही.

कालच्या ओठापेक्षा आजचा ओठ वेगळा आहे. रोज सकाळी त्याला दारापाशी उजेडात उभं करते. तो कंटाळतो. मी कंटाळत नाही. शरीर परत येताना मी कधी बघितलं नव्हतं. जातानाच बघितलंय, मि. च्या बाबांचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. धुळे

दुसरं. बाईंनी फोनवरच सांगितलं होतं, येताना ती तोंडाची नळी घेऊन या. माउथपीस रुमालात बांधून नेला.

"लावा, वाजवता तसा." लावला. बाईंनी बॉलपेनसारख्या एका पेनने त्याच्या कडेबरोबर ओठावर गोल काढला. नर्सला हसू आवरेना. "मॅडम, हे तर टिळा लावल्यासारखं." मि. सुद्धा हसला, चीर फाटली नाही.

"ही तुमची जागा," बाई म्हणाल्या. "इथे हात राखून देईन. बाजूने जास्त."

मि. म्हणाला, "मॅडम, उलट डबल द्या ना. एप्रिलपर्यंत साफ झालं पाहिजे."

"जास्त दिलं की मांस झिजतं, मिलिंदभाऊ. पातळ होतं, खड्डा पडतो. सुजलेला ओठ मी उतरवू शकते. खड्डा भरून देता येत नाही मला."

हे ऐकून तो पहिल्यांदा खरा घाबरला. सुजेला नाही घाबरला इतका. खुर्चीत सरळ बसला आणि म्हणाला, "तुम्हाला वाटेल तितकंच."

सुईच्या टोकावर असलेल्या मापाचा विचार करतेय मघापासून. कमी दिलं तर सूर नाही, जास्त दिलं तरी सूर नाही. मधली जागा केवढी असेल? आणि ती जागा ती बाई अंगठ्याने शोधते.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओठ जवळपास त्याचा झालाय. त्याचा! ती वरची मधली खाच दिसायला लागली, जी मी विसरले होते. कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला, "मॅडमनी माफ केलं वाटतं." गल्ली गप्प. बरं होणाऱ्या माणसाची गोष्ट कोणी रचत नाही.

बाईंनी वाजवायला अजून परवानगी दिलेली नाही. ट्रंपेट पेटीत. पण रात्रीचं जेवण झालं की पेटी उघडून पुसतो, बंद करतो.

तेजूचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. "पप्पा, तुम्ही परत तुमच्यासारखे दिसताय." मग चेहरा लेकीला दिसू नये म्हणून त्याने फोन अक्कांच्या हातात दिला.

१६ मार्च, रविवार

आला परत.

सकाळी उठला तेव्हा होता. नेहमीच्याच जागी, डावीकडून मधे. धूळवडीला काही खाल्लं का? काही लावलं का? दोघांनी बसून आठवलं. काही नाही. दालचिनी नाही, सोडा नाही, रंगसुद्धा खेळला नव्हता. अक्कांना विचारलं तर त्या रडायलाच लागल्या, "मनी चूक व्हयनी का काही?" तुमची नाही, अक्का. कोणाचीच नाही.

कारण हवं असतं आपल्याला. दोष द्यायला का होईना. ते गाव पुन्हा जमलंय आणि कशासाठी ते त्यालाही माहीत नसेल.

मास्तरांना कळलं. येऊन गेले. या वेळी बसले, चहाही घेतला. जाताना हळूच, "संतोषले सांगी ठेवस. नुसतं सांगी ठेवस, भो." मि. ने मान हलवली. त्याच्या डोळ्यांकडे मी बघितलं नाही.

२० मार्च, गुरुवार. धुळे

तिसरं. बाईंनी केसपेपर पुढे-मागे केला, तारखेवर बोट ठेवलं. "हे असं येतं-जातं, मी सांगितलं होतं. पण बघा, पहिल्यासारखा टणक नाहीये." दाबून मलाही दाबायला लावलं. खरंच नव्हता.

"या खेपेनंतर ओठाला आराम. मग हळूहळू सुरू करा. खालचे सूर. वरचे नाहीत. दुखलं, ताणलं, की थांबायचं."

"चौदा एप्रिल?" मी विचारलं. त्याने विचारलं नाही.

"मी ओठ बघते," बाई म्हणाल्या. "तारीख त्यांनी बघायची."

बसमध्ये तो म्हणाला, "बाबांना एकदा हिवताप होता, तरी वाजवलं होतं." मग बऱ्याच वेळाने, "पण त्यांचा ओठ होता."

६ एप्रिल, रविवार

उतरलाय. सगळा नाही, पण उतरलाय.

गच्चीवर नको म्हणाला, गल्ली ऐकते. मित्राच्या केळीच्या बागेत गेलो, चोपड्याच्या रस्त्याला. मला सोबत यायला सांगितलं. आधी नुसता माउथपीस. फुर्र. पुन्हा फुर्र. मी घडांकडे बघत उभी, त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

मग ट्रंपेट. हवा. हवा. आणि हवेच्या आतून एक खालचा सूर, खरखरीत, झोपेतून उठलेल्या माणसासारखा. मोडला. पुन्हा निघाला. या वेळी मोडला नाही. केळीची पानं जागीच होती, वारा नव्हता, पण मला वाटलं हलली.

माझ्या बरगड्यांत वाजला तो. पोळलेल्या, टोचलेल्या, उलटून बघितलेल्या ओठातून. त्या गुलाबी ओल्या बाजूतून. एवढं नाजूक असतं ते आणि आपण त्यावर सगळं सोपवतो, भाषा, अन्न, एकमेकांना.

शेजारच्या शेतातून मजूर बाई ओरडली, "कोनं लगीन शे वं आठे?"

मि. ने मोठ्याने उत्तर दिलं, "आमनंच!"

१२ एप्रिल, शनिवार

खालचे सूर नीट. मधले कधी येतात, कधी हवा. वरचा एकच प्रयत्न केला आणि स्वतःच थांबला. मिरवणुकीचं गाणं सुरू होतं ते वरच्या सुरावर. बाबांनी बसवलेलं.

मी म्हटलं, संतोष आहे ना. म्हटल्यावर वाटलं, नको होतं म्हणायला. तो चिडला नाही. "संतोष आहेच," म्हणाला. "तो बाजूला उभा राहील. मी थांबलो तर तो उचलेल. ठरलंय आमचं." म्हणजे दोघांनी माझ्या आधीच बोलून ठेवलेलं.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी विहारात वंदना. पांढरी साडी, उन्हाचा कडाका आठलाच सुरू. बाहेर गर्दी, ट्रॅक्टर सजवलेला, पोरं निळ्या फेट्यांत. मास्तर घामाने निथळत, सारखे मि. कडे बघणार आणि बघत नाही असं दाखवणार. संतोष कॅसिओवर बोटं ठेवून तयार, डोळे मि. च्या कोपरावर.

मि. ने ट्रंपेट उचललं. लावलं. गाल फुगले. मला भडगाव दिसलं.

आणि वाजलं.

वरून नाही. त्याने गाणं खालून उचललं. पूर्ण एक सप्तक खाली. बाबांचं गाणं, पण पुरुषाने गुणगुणावं तसं, छातीतून. एक क्षण कोणाला ओळखूच आलं नाही. गर्दी थांबली. मग एका म्हाताऱ्या आजोबांनी टाळी धरली, मग बायकांनी, आणि झेंडा हलला. संतोषने वरचा सूर त्याच्यावर हळूच ठेवला, झाकू नये इतका हळू. दोघांचं मिळून एक गाणं. असं ते कधीच वाजलं नव्हतं. माझ्या शेजारी अक्का. "ह्याना बाप आसं नही वाजाडे," म्हणाल्या. तक्रार होती की काय, कळलं नाही. पदर तोंडाला लावलेला.

पहिल्या चौकापर्यंत वाजवलं. मग त्याने ट्रंपेट खाली घेतलं, स्वतःहून, आणि नुसता चालत राहिला, संतोषच्या बाजूने. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली ती इतक्या जोरात की टोपी पडली.

आता संध्याकाळ. मिरवणूक अजून गावात आहे, लांबून ऐकू येते. त्याला ट्यूबलाइटखाली बसवलंय. ओठ भरल्यासारखा वाटतो. वाजवल्यामुळे असेल. दमलाय, उन्हात होता. किंवा ते गाव पुन्हा जमतंय. डावीकडून मधे.

"काय वाटतं?" तो म्हणतो.

बोट ठेवलं. गरम आहे. हळूच दाबलं.

"बोल ना."

थांब, म्हटलं. बोट काढलं नाही.